मृत्युपत्र करणाऱ्याला दहा मिनिटांचा एकांत द्या : महसूल मंत्री आणि नोंदणी महानिरीक्षकांना खुले पत्र

प्रति,
मा. महसूल मंत्री, महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई
आणि
मा. नोंदणी महानिरीक्षक व मुद्रांक नियंत्रक, महाराष्ट्र राज्य, पुणे

विषय : वृद्ध व आजारी व्यक्तींच्या मृत्युपत्रांची नोंदणी आणि त्यांवरून होणारे फेरफार

महोदय,

‘दस्तातील मजकुराच्या खरेखोटेपणात जाण्याचा अधिकार नोंदणी अधिकाऱ्यास नाही, हरकत असल्यास सक्षम दिवाणी न्यायालयात दाद मागावी.’ माझ्या दोन मामेबहिणींनी आपल्या वडिलांच्या मृत्युपत्राविषयी केलेल्या अर्जाला हे उत्तर आले. ते कायद्याला धरून आहे, हे मला ठाऊक आहे. माझी सारी नोकरी दिवाणी न्यायालयात लघुलेखिका म्हणून झाली आणि मृत्युपत्रांच्या दाव्यांतल्या साक्षी उतरवून घेण्यात तिचा मोठा भाग गेला. त्यामुळे हे पत्र म्हणजे त्या उत्तरावरचे अपील समजू नये. असे उत्तर देऊन शासन नेमके कशातून अंग काढून घेते हे लोकांसमोर मांडावे, आणि ते थांबवण्यासाठी आपल्या दोघांच्या अधिकारात काय करता येण्याजोगे आहे ते सांगावे, एवढ्यासाठी मी लिहीत आहे.

आधी माझा या विषयाशी संबंध सांगते. माझे मामा एस.टी.त चालक होते. निवृत्तीनंतर ते गावी राहिले. मामी आधीच वारल्या होत्या आणि दोन्ही मुली लग्न होऊन लांब गेल्या होत्या. घरात मामांच्या भावाचा मुलगा आणि त्याचे कुटुंब होते. त्यांनी मामांचे खाणेपिणे, औषधपाणी पाहिले, हे दोन्ही मुली नाकारत नाहीत. पुढे मामांना पक्षाघाताचा झटका आला, वाचा अडखळू लागली, उजवा हात उचलेना. त्यानंतर मुलींचा फोन पुतण्याकडेच जाई आणि ‘झोपलेत’ किंवा ‘डॉक्टरांनी बोलायला मना केलंय’ एवढ्यावर संपे. मुली भेटायला गेल्या की खोलीत कोणी ना कोणी बसलेले असे. मामा गेल्यावर, तेराव्यानंतर, वारस नोंदीसाठी तलाठी कार्यालयात गेल्यावर त्यांना कळले की आजारपणाच्या त्याच काळात एक मृत्युपत्र नोंदवले गेले आहे, घर आणि सगळी जमीन पुतण्याच्या नावे लिहिली आहे, आणि त्यावरून फेरफार, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीतला नावबदल, मंजूरही झाला आहे. आयुष्यभर मोटारीच्या लॉगशीटवर सही करत आलेल्या माणसाचा त्या दस्तावर अंगठा आहे.

पुतण्याने दबाव आणला की मामांनी मनापासून दिले, हे मी येथे ठरवू पाहत नाही; ते काम न्यायालयाचे आहे. माझे म्हणणे वेगळे आहे. ज्या दिवशी मामांना दुय्यम निबंधकांच्या, म्हणजे दस्त नोंदवणाऱ्या अधिकाऱ्यांच्या, टेबलासमोर आणून बसवले, त्या दिवशी खरे काय ते सांगू शकणारा एकमेव माणूस जिवंत होता, शासनाच्या अधिकाऱ्यापासून हातभर अंतरावर होता, आणि त्याला कोणी काही विचारले नाही. आता तोच प्रश्न न्यायालय दोन साक्षीदारांना, एका डॉक्टरला आणि एका दस्तलेखकाला विचारणार आहे, तोही कित्येक वर्षांनी.

कायद्याला हा धोका नवा नाही. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 च्या कलम 61 नुसार कपटाने, जबरदस्तीने किंवा करणाऱ्याचे स्वातंत्र्य उरू नये इतक्या तगाद्याने करून घेतलेले मृत्युपत्र शून्य ठरते. त्या कलमाखालची उदाहरणे मी साक्षी टंकताना अनेकदा वाचली आहेत. एकात असे आहे की, स्वतः विचार करून ठरवता येण्याइतकी प्रकृती असलेल्या माणसाची कोणी आग्रहाने मनधरणी केली आणि त्याने स्वतःच्या विचाराने ती मानली, तर मृत्युपत्र टिकते. दुसऱ्यात असे की, तगाद्यापुढे मान तुकवून, केवळ शांतता मिळावी म्हणून एखाद्याने ते केले असेल, तर ते टिकत नाही. शंभर वर्षांपूर्वी कायदा लिहिणाऱ्यांना घरातल्या आजाऱ्याचे दुखणे किती नेमके कळले होते, याचे मला नेहमी नवल वाटत आले आहे. मारहाण नाही, धमकी नाही. जेवण कोण देणार, रात्री उठवून संडासला कोण नेणार, हे ज्याच्या हातात आहे त्याने रोज तोच विषय काढायचा, एवढेच पुरते.

मात्र हे सिद्ध कसे करायचे? करार किंवा बक्षीसपत्र असेल तर भारतीय करार अधिनियम, 1872 चे कलम 16 मदतीला येते. समोरच्याच्या इच्छेवर वर्चस्व गाजवता येईल अशा स्थितीत एखादा असेल आणि व्यवहार वरकरणीच अन्यायाचा दिसत असेल, तर तो अवाजवी प्रभावाने घडलेला नाही हे दाखवण्याचा भार त्याच्यावर पडतो. मृत्युपत्रात तसे सरळ नाही. मृत्युपत्र पुढे करणाऱ्याने ते रीतसर झाल्याचे सिद्ध करायचे आणि संशयास्पद परिस्थिती असेल तर तीही दूर करायची, हे सर्वोच्च न्यायालयाने एच. वेंकटचला अय्यंगार यांच्या खटल्यात 1958 साली सांगितले आणि ते आजही पाळले जाते. ज्याला मोठा लाभ मिळतो त्यानेच दस्त करून घेण्यात पुढाकार घेतला असेल, तर ती संशयाची बाब आहे, हेही त्याच निकालात आहे. पण प्रत्यक्ष दबावाचा आरोप ज्याने केला त्यानेच तो शाबित करायचा असतो. बंद दाराआडची गोष्ट शाबित करायला तो साक्षीदार कुठून आणणार? ज्याच्यावर दबाव आला तो तर गेलेला असतो.

या दाव्यांतल्या साक्षी कशा असतात ते सांगते. अटेस्टिंग साक्षीदार, म्हणजे मृत्युपत्रावर साक्ष म्हणून सही करणारा, पिंजऱ्यात येतो आणि सांगतो, ‘मयताने माझ्यासमक्ष सही केली व मी त्यांच्यासमक्ष केली.’ कायद्याला हवे ते वाक्य त्याच्याकडून पाठ करून घेतलेले असते. उलटतपासणीत, त्या दिवशी मयत काय बोलले असे विचारले की तो थांबतो. काहीच आठवत नाही, कारण काही बोलणे झालेलेच नसते, किंवा बारा वर्षे लोटलेली असतात. मग वकील कपड्यांचा रंग विचारतात, कार्यालयात पंखा होता का विचारतात, आणि त्या उत्तरांतल्या तफावतीवर एका कुटुंबाच्या जमिनीचा निकाल अवलंबून राहतो. न्यायाधीशांना दोष देण्यात अर्थ नाही; त्यांच्यापुढे दुसरे काही ठेवलेलेच नसते.

आता माझ्या तक्रारी मांडते.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार अशी की, मृत्युपत्र करणाऱ्याला नोंदणी अधिकारी एकट्याला कधी भेटतच नाही. नोंदणी अधिनियम, 1908 च्या कलम 34 नुसार दस्त या व्यक्तीने खरोखर केला आहे का आणि ही व्यक्ती तीच आहे का, याची चौकशी करणे हे अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. कलम 35 नुसार समोरची व्यक्ती वेडसर किंवा बुद्धिभ्रष्ट असल्याचे त्याला दिसले, तर त्याने नोंदणी नाकारायची आहे. म्हणजे माणसाकडे नीट पाहण्याची जबाबदारी कायद्याने आधीच टाकलेली आहे. व्यवहारात मात्र रांगेतला क्रमांक येतो, ‘सही तुमचीच ना, वाचून कळलं ना’ असे विचारले जाते, मान हलते, कॅमेऱ्यात छायाचित्र निघते, यंत्रावर बोट टेकवले जाते आणि पुढचा दस्त येतो. लाभ घेणारा शेजारच्या खुर्चीत असतो. पुष्कळदा मान त्याच्याकडे पाहून हलते. घरी येऊन नोंदणी करायची सोय कलम 31 मध्ये आहे, आणि ती योग्यच आहे, कारण अंथरुणाला खिळलेल्या माणसालाही मृत्युपत्र करण्याचा अधिकार आहे. पण तिथे तर अधिकारी लाभार्थ्याच्या गाडीतून येतो, त्याच्या घरात बसतो, त्याच्या घरचा चहा घेतो.

दुसरी तक्रार दस्ताच्या भाषेविषयी आहे. ‘मी माझ्या राजीखुशीने, अक्कलहुशारीने, नशापाणी न करता, कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र करीत आहे.’ हे वाक्य मी इतक्या मृत्युपत्रांत वाचले आहे की त्यावरून कोणाच्याही मनःस्थितीबद्दल काही कळू शकते यावरचा माझा विश्वास उडाला आहे. दडपणाखाली केलेल्या दस्तात ते वाक्य असतेच. उलट जास्त ठळक असते. मुलींविषयीचे ‘त्यांच्या लग्नात योग्य तो खर्च केला असून त्या आपापल्या घरी सुखी आहेत’ हेही तसेच, दस्तलेखकाच्या संगणकात साठवलेले. मामांच्या मृत्युपत्रात ते आहे. त्यांच्या थोरल्या मुलीचे यजमान लग्नानंतर काही वर्षांतच वारले होते आणि त्या काळात तिच्या घरखर्चाला मामाच पैसे पाठवत होते. ‘सुखी आहेत’ हे मामा स्वतः सांगणे शक्य नव्हते.

डॉक्टरांच्या दाखल्याचेही तसेच. कायद्याने तो सक्तीचा नाही, परंतु वय झालेले असले की कार्यालयात तो मागितला जातो, आणि तो कोणी आणावा याला काही नियम नाही. मामांचा दाखला एका ओळीचा आहे : शारीरिक व मानसिक स्थिती ठीक. तपासणी किती वाजता केली, कोणती औषधे चालू होती, वाचा किती शाबूत होती, यातले काहीही नाही. तो देणारे डॉक्टर मामांवर उपचार करणारे नव्हते.

साक्षीदारांबद्दल एक गोष्ट पुष्कळ वाचकांना माहीत नसेल. उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम 67 नुसार मृत्युपत्रावर साक्ष घालणाऱ्याला किंवा त्याच्या पती-पत्नीला त्याच मृत्युपत्राने काही मिळत असेल, तर ती देणगी रद्द होते. पण हिंदूंच्या मृत्युपत्रांना जी कलमे लागू आहेत त्यांच्या यादीत हे कलम नाही. म्हणजे लाभ घेणाराच साक्षीदार होऊ शकतो आणि तेवढ्यावरून दस्त बाद होत नाही. न्यायालय त्याकडे संशयाने पाहील, एवढेच. बहुसंख्य मृत्युपत्रांना हे इतके साधे संरक्षण का नसावे, याचे समाधानकारक कारण मला कुठे सापडले नाही.

तिसरी तक्रार महसूल खात्याशी संबंधित आहे, म्हणून मंत्रिमहोदयांनी ती विशेष लक्षपूर्वक वाचावी ही विनंती. मुंबईबाहेरच्या महाराष्ट्रात हिंदूंच्या मृत्युपत्रासाठी प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र शाबित झाल्याचे न्यायालयाचे प्रमाणपत्र, कधीच सक्तीचे नव्हते, आणि मुंबईपुरती असलेली सक्तीही संसदेने 2025 च्या अखेरीस उत्तराधिकार अधिनियमाचे कलम 213 वगळून काढून टाकली. लोकांचा खर्च आणि वेळ वाचला, त्याचे मी स्वागत करते. पण त्याचा अर्थ असाही होतो की मृत्युपत्राची पहिली, आणि पुष्कळदा एकमेव, तपासणी आता फेरफाराच्या टप्प्यावर, तलाठी व मंडळ अधिकारी यांच्यासमोर होते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 चे कलम 150 सांगते की, अधिकार अभिलेखावरून ज्यांचा संबंध दिसतो त्यांना, आणि ज्यांचा संबंध असावा असे मानायला तलाठ्याला कारण आहे अशा इतर व्यक्तींनाही, नोटीस द्यायची आहे. मृत माणसाच्या मुलींचा संबंध असावा असे मानायला याहून मोठे कारण कोणते हवे? तरीही सातबाऱ्यावर मुलींची नावे नव्हती म्हणून नोटीस त्यांच्यापर्यंत गेली नाही, चावडीवर लागली, आणि हरकतीची मुदत संपली. चावडीवरचा कागद सुरतेत राहणाऱ्या मुलीने कसा वाचायचा?

दुसरे असे की, त्या जमिनीतला बराच भाग वडिलोपार्जित आहे. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने मुलीला जन्मानेच सहदायकाचा, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेतल्या हिस्सेदाराचा, हक्क मिळाला आणि सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात 2020 साली त्याबद्दलचा उरलासुरला संभ्रमही संपवला. वडील मृत्युपत्राने स्वतःचा हिस्सा देऊ शकतात, मुलींचा देऊ शकत नाहीत. फेरफार मात्र सगळ्या क्षेत्राचा झाला. ‘नोंदणीकृत मृत्युपत्र आहे’ एवढे पाहून झाला. आणि एकदा नोंद झाली की महसूल संहितेच्या कलम 157 प्रमाणे ती उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते; तिच्यावर पीककर्ज मिळते, विसार घेता येतो, विक्री होते. महसुली नोंदीने मालकी ठरत नाही, हे न्यायालयांनी किती वेळा सांगितले तरी गावात आणि बँकेत मालक तोच, ज्याचे नाव सातबाऱ्यावर.

‘नोंदणीकृत’ या शिक्क्याला लोक जो मान देतात तोच इथे घातक ठरतो. मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक आहे. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर केलेले मृत्युपत्रही तितकेच वैध असते. केवळ नोंदणी झाली म्हणून संशय दूर होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने राणी पूर्णिमा देवी यांच्या खटल्यात सांगूनही साठ वर्षे उलटली. अधिकाऱ्याने यांत्रिकपणे सोपस्कार उरकला असेल तर त्या नोंदणीला किंमत नाही, असा त्याचा आशय आहे. म्हणजे आपले खाते जे काम आज करते ते न्यायालयात फारसे उपयोगी पडत नाही आणि गावात मात्र गरजेपेक्षा जास्त वजनदार ठरते.

चौथी बाब थोडक्यात. मृत्युपत्रांची नोंद बुक नंबर 3 मध्ये होते आणि करणारा हयात असेपर्यंत तिची प्रत इतरांना मिळत नाही. ही गुप्तता हवीच. पण मृत्यूनंतर कोणीही अर्जदार प्रत मागू शकतो, असे नोंदणी अधिनियमाचे कलम 57 म्हणते, आणि ती मागायची कुठे हे वारसांना कळायला मार्ग नाही. मामांनी आधी कधी दुसरे मृत्युपत्र केले होते का, नंतर कधी रद्द केले का, हे शोधायला मुलींना तालुक्या-तालुक्यांतून विचारत फिरावे लागले. सगळी कार्यालये संगणकाने जोडलेली असताना मृत्यूचा दाखला दाखवून राज्यभराचा शोध एका ठिकाणी का घेता येऊ नये?

बक्षीसपत्र आणि हक्कसोडपत्र यांचीही हीच कथा आहे, फक्त तिथे नुकसान जिवंतपणीच होते. जवळच्या नात्यात घर किंवा शेतजमीन 200 रुपये मुद्रांकावर बक्षीस देता येते; ही सवलत चांगल्या हेतूने दिलेली आहे, पण तिच्यामुळे वृद्ध आईवडिलांकडून घर लिहून घेणे अतिशय सोपे झाले आहे. त्यावर ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्याचे कलम 23 आहे, आणि सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न केल्यास, अवाजवी प्रभावाने घेतली असे मानून परत मिळवता येते. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उर्मिला दीक्षित यांच्या प्रकरणात त्या कलमाचा उदार अर्थ लावला. पण तिथे निदान देणारा स्वतः प्रांताधिकाऱ्यांपुढे उभा राहून बोलू शकतो. मृत्युपत्रात तो बोलू शकत नाही, म्हणून माझा भर मृत्युपत्रावर आहे.

उशिराने काय होते याची उदाहरणे आपल्याकडे जुनी आहेत. पुण्याचे बाबा महाराज पंडित 1897 साली वारले, त्यांच्या मृत्युपत्राने लोकमान्य टिळक विश्वस्त झाले, आणि ताई महाराज प्रकरण म्हणून गाजलेला तो वाद प्रिव्ही कौन्सिलच्या, म्हणजे तेव्हाच्या लंडनमधल्या शेवटच्या अपिली न्यायालयाच्या, निकालाने 1915 साली मिटला. मधल्या काळात टिळकांसारख्या माणसावर खोट्या साक्षीचा खटला झाला, शिक्षा झाली आणि ती उच्च न्यायालयात रद्द झाली. आपल्या काळातले उदाहरण पंजाबातल्या फरीदकोटचे आहे. तिथले महाराजा हरिंदरसिंग ब्रार 1989 साली वारले, त्यांच्या नावे 1982 सालचे एक मृत्युपत्र पुढे आले, ते बनावट असल्याचा निर्णय चंडीगडच्या न्यायालयाने 2013 मध्ये दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो 2022 मध्ये कायम केला. ती बडी घराणी होती, त्यांना वकील परवडले. माझ्या मामेबहिणींपैकी एक अंगणवाडीत मदतनीस आहे.

या सगळ्याला एक प्रामाणिक हरकत घेतली जाईल, आणि ती मी न्यायालयात बसूनच शिकले आहे. जन्मात न फिरकलेले नातेवाईक मृत्यूनंतर उगवतात आणि ज्या सुनेने, पुतण्याने किंवा शेजाऱ्याने दहा वर्षे सेवा केली त्याच्यावर ‘दबाव टाकला’ असा आरोप करून त्याला कोर्टाच्या पायऱ्या झिजवायला लावतात. असे दावे मी खूप पाहिले. मृत्युपत्र करायचेच ते वारसाहक्काचा नेहमीचा क्रम बदलण्यासाठी, त्यामुळे मुलांना डावलले एवढ्यावरून संशय घेता येत नाही, हे न्यायालयांनी म्हटले आहे आणि ते मला पटते. आपले कमावलेले कोणाला द्यायचे हा म्हाताऱ्या माणसाचा शेवटचा उरलेला अधिकार असतो. मी जे मागते आहे त्याचा सर्वांत मोठा फायदा अशा प्रामाणिक सेवा करणाऱ्यालाच होईल, कारण ‘मुलं विचारत नाहीत, हिनेच केलं माझं, म्हणून हिला देतोय’ हे वृद्धाच्या तोंडचे शब्द शासनाच्या ताब्यात असतील, तर त्याच्यावरचा खोटा दावा पहिल्या तारखांतच ढासळेल.

दुसरी हरकत अशी की यामुळे अधिकाऱ्याच्या हाती नकाराचे नवे हत्यार जाईल आणि त्याचा बाजार मांडला जाईल. ती शंका रास्त आहे. म्हणून मी त्याला नकाराचा कोणताही नवा अधिकार देऊ नका असेच म्हणते. त्याने न्यायाधीश व्हायचे नाही. विचारायचे, ऐकायचे आणि जसेच्या तसे नोंदवायचे. शेजारच्या गोव्यात मृत्युपत्र विशेष नोटरीच्या पदावरच्या शासकीय अधिकाऱ्यासमोर करण्याची पद्धत आहे, आणि तिथल्या कायद्यात सक्तीच्या वारसांसाठी अर्धा हिस्सा राखूनही ठेवलेला असतो. तो राखीव हिस्सा आपल्याकडे आणा असे मी म्हणत नाही, तो मोठा आणि वेगळा वाद आहे. अधिकारी हा मृत्युपत्राचा खरा साक्षी असू शकतो, एवढेच त्यातून घ्यावे.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे :

1. मृत्युपत्र करणारा 70 वर्षांवरचा असेल, आजारी असेल, सही करू शकत असूनही अंगठा देत असेल किंवा नोंदणी घरी अथवा रुग्णालयात होत असेल, तर अधिकाऱ्याने त्याला किमान दहा मिनिटे एकट्याला भेटावे. लाभार्थी, साक्षीदार, दस्तलेखक, वकील कोणीही आत नको. तुमचे वारस कोण, तुमच्याकडे काय काय आहे, कोणाला देताय, ज्यांना देत नाही त्यांना का देत नाही, इथे तुम्हाला कोणी आणले, हे प्रश्न त्याच्या बोलीत विचारावेत. होय-नाही अशी उत्तरे मिळतील असे प्रश्न विचारू नयेत. बोलता येत नसेल तर तेही नोंदवावे.

2. या भेटीचे चित्रीकरण करून ते दस्तासोबत बुक नंबर 3 च्याच गुप्ततेने जतन करावे आणि मृत्यूनंतर वारसांना किंवा न्यायालयाला मागणी करताच द्यावे. छायाचित्रासाठी कॅमेरा प्रत्येक कार्यालयात आहेच. यासाठी संसदेत जाण्याची गरज नाही. नोंदणी अधिनियमाच्या कलम 69 नुसार नियम करण्याचा अधिकार महानिरीक्षकांना आहे आणि मंजुरी राज्य शासनाची लागते.

3. वैद्यकीय दाखल्याचा ठरावीक नमुना करावा. त्यात तपासणीची तारीख व वेळ, चालू औषधे, वाचा, स्मरण आणि स्थळकाळाचे भान यांच्या स्वतंत्र नोंदी असाव्यात, आणि रुग्णाला डॉक्टरकडे कोणी आणले तेही असावे.

4. लाभार्थी आणि त्याचे जवळचे नातेवाईक यांना साक्षीदार किंवा ओळख पटवणारे म्हणून नोंदणीच्या टेबलावर स्वीकारू नये. वारसाहक्क आणि दस्तनोंदणी हे दोन्ही विषय समवर्ती सूचीत आहेत. कलम 67 चे संरक्षण सर्वांच्या मृत्युपत्रांना लागू करणारे विधेयक राज्याने आणून राष्ट्रपतींच्या संमतीसाठी पाठवावे.

5. मृत्युपत्रावरून फेरफाराचा अर्ज आल्यास अर्जदाराकडून सर्व नैसर्गिक वारसांची नावे, पत्ते आणि फोन क्रमांक शपथेवर घ्यावेत, त्या प्रत्येकाला टपालाने आणि फोनवर नोटीस द्यावी आणि पोच मिळाल्याशिवाय मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित करू नये. वारसाचे नाव लपवले असेल तर नोंद रद्द करण्याची तरतूद असावी.

6. लेखी हरकत आल्यास प्रकरण तक्रारी नोंदवहीत घ्यावे, आणि दावा दाखल झाल्याचे दाखवताच सातबाऱ्याच्या इतर हक्कांत तशी नोंद करावी, म्हणजे विकत घेणाऱ्याला आणि बँकेला ते दिसेल. वडिलोपार्जित जमीन असेल तर मृत्युपत्र मृताच्या हिश्श्यापुरतेच धरावे.

7. मृत्यूचा दाखला जोडून केलेल्या एकाच अर्जावर राज्यातील सर्व कार्यालयांतल्या मृत्युपत्रांचा शोध घेण्याची सोय करावी. नोंदणी अधिनियमाच्या कलम 42 प्रमाणे मृत्युपत्र मोहोरबंद लखोट्यात जिल्ह्याच्या निबंधकांकडे ठेवता येते, याची माहिती प्रत्येक दुय्यम निबंधक कार्यालयात मराठीत ठळक लावावी. घरातल्या कपाटाची किल्ली ज्याच्याकडे असते त्याच्याच हाती मृत्युपत्र राहू नये, यासाठी ही सोय आहे आणि ती फार थोड्यांना ठाऊक आहे.

मामेबहिणींचा दावा दाखल झाला आहे आणि तो त्याच्या गतीने चालेल. वरच्या मागण्यांतली एकही त्यांच्या उपयोगाची नाही, कारण मामांना विचारण्याची वेळ निघून गेली. पण आजही राज्यातल्या कुठल्या ना कुठल्या कार्यालयाबाहेर एखादे वृद्ध गाडीतून उतरवले जात असतील, आणि त्यांना कोणी तरी एकटे गाठून विचारणे अजून शक्य आहे. पहिल्या तीन मागण्या आणि पाचवी यांना कायदा बदलावा लागत नाही. त्या मान्य असतील तर परिपत्रक किंवा नियमाचा मसुदा हरकती-सूचनांसाठी प्रसिद्ध करावा. मान्य नसतील तर कायद्याच्या कोणत्या कलमाची आडकाठी आहे ते कलमाच्या क्रमांकासह लेखी कळवावे, आणि हे पत्र जाहीर असल्यामुळे उत्तरही जाहीरच द्यावे.

आपली विश्वासू,
दिवाणी न्यायालयातील एक निवृत्त लघुलेखिका